गोंडघर फाट्यावर कुणाचा चेहरा बघणार होतात?

शिमग्याला चाकरमानी येऊन गेले आणि जाताना वाडीच्या ग्रुपवर एक लांबलचक मेसेज ठेवून गेले. सारांश असा: कोकण किनारा धोक्यात आहे. सगळ्यांना सारखं तपासण्याचं ढोंग पोलिसांनी सोडावं आणि ठरावीक मोहल्ल्यांतल्या, ठरावीक नावांच्या, ठरावीक चेहऱ्यांच्या लोकांचीच झडती घ्यावी. कारणं पाच. १९९३ चं आरडीएक्स इथेच उतरलं. २६/११ चे अतिरेकी चेहऱ्यावरूनच ओळखू आले असते. इस्रायल आणि अमेरिका हेच करतात. आपल्या बोटी परक्या माणसांनी भरल्यात. आणि जो निर्दोष आहे त्याला भीती कसली? खाली हात जोडलेले, तिरंगा आणि 'दहा ग्रुपवर पाठवा'.

असले मेसेज मी एरवी वाचून पुढे जातो. पण हा आमच्या बाळकाकांच्या डोक्यात जाऊन बसला. काका एसटीत कंट्रोलर होते, आयुष्यभर कुणाला जात-धर्म विचारून गाडीत घेतलं नाही, आणि आता मला म्हणतात, "त्यात खोटं काय आहे तेवढं दाखव." त्याच आठवड्यात वाडीतल्या पोरांनी पाखाडीच्या तोंडाशी आमच्या नेहमीच्या मासेवाल्याला अडवलं. मोहल्ल्यातला माणूस, हर्णैच्या लिलावातून माल उचलतो आणि स्कूटीवरून घरोघर देतो. खोक्यातल्या बर्फाचं पाणी रस्त्यावर ठिबकत होतं आणि ही पोरं त्याचं आधार कार्ड उलटंसुलटं करून बघत होती. मग त्या कार्डाचा फोटो ग्रुपवर. खाली कुणीतरी अंगठा दाखवलेला. तर काका, घ्या, दाखवतो.

आधी २६/११, कारण तो मुद्दा निव्वळ हास्यास्पद आहे. कसाबकडे जे ओळखपत्र होतं ते 'समीर चौधरी' या नावाचं होतं, हैदराबादच्या अरुणोदय डिग्री कॉलेजचं. बाकीच्यांकडेही तशीच बनावट हिंदू नावांची ओळखपत्रं होती. ज्यांनी त्यांना पाठवलं त्यांना आपण नाव बघून माणूस पारखतो हे पक्कं ठाऊक होतं. तुमच्या मेसेजमधली पद्धत त्यांनी गृहीतच धरली होती, तिच्यावरच त्यांची मदार होती. त्याच्याही आधी मुंबईची रेकी करून गेला तो डेव्हिड हेडली. मूळ नाव दाऊद गिलानी. २००६ मध्ये त्याने नाव बदलून घेतलं, अमेरिकन पासपोर्टवर मुंबईत आला, धंद्याच्या नावाखाली ऑफिस थाटलं, ताजमध्ये राहिला, होडीतून फिरून उतरायच्या जागा हेरल्या. गोरा साहेब! त्याला कोण अडवणार? आणि बधवार पार्कच्या कोळीवाड्यापाशी रबरी होडीतून उतरलेल्यांकडे ज्यांनी संशयाने पाहिलं ते तिथले मच्छीमारच होते. त्यांनी धर्म ओळखला नाही. अवेळी आलेली अनोळखी होडी बघितली, पाठीवरच्या जड सॅक बघितल्या.

इस्रायलचा मुद्दा. इथे थोडं मान्य करावं लागतं, नाइलाजाने. इस्रायली विमानतळांवर अरब प्रवाशांना जास्त छळतात, हे खरं आहे. पण ३० मे १९७२ ला तेल अवीवच्या लोद विमानतळावर २६ माणसं मारली ती तीन जपान्यांनी. सुरक्षेचं सगळं लक्ष अरबांवर होतं आणि हे आरामात सामान घेऊन आले. मग १९८६ च्या एप्रिलमध्ये लंडनच्या हीथ्रोवर एल अल या इस्रायली कंपनीच्या विमानात चढायला निघालेल्या एका गरोदर आयरिश बाईच्या बॅगेत स्फोटकं सापडली. तिच्या नकळत तिच्या होणाऱ्या नवऱ्याने ती ठेवली होती. चेहऱ्यावरून ती सुटलीच असती. सापडलं ते एल अलच्या माणसांनी तिला साधे प्रश्न विचारले, उत्तरं जुळेनात आणि मग बॅग उसवून बघितली म्हणून. म्हणजे इस्रायलकडून शिकायचंच तर ते हे आहे. प्रश्न विचारा, सगळ्यांना विचारा आणि उत्तरं ऐका.

अमेरिकेचं तर उदाहरण देताना मेसेजवाल्याने जरा वाचायला हवं होतं. न्यूयॉर्क पोलिसांनी २००४ पासून २०१२ च्या मध्यापर्यंत रस्त्यावर ४४ लाख वेळा माणसं अडवली. त्यात ८० टक्क्यांहून जास्त कृष्णवर्णीय आणि हिस्पॅनिक. २०१३ मध्ये तिथल्या फेडरल न्यायालयाने हा प्रकार घटनाबाह्य ठरवला. निकालात आकडे आहेत. १०० पैकी ८८ वेळा पुढे काहीच निघालं नाही. शस्त्र सापडण्याचं प्रमाण कृष्णवर्णीयांमध्ये १ टक्का, गोऱ्यांमध्ये १.४ टक्के. ज्यांच्यावर संशय जास्त, त्यांच्याकडे सापडलं कमी. का? कारण गोऱ्या माणसाला अडवायचं तर पोलिसाला काहीतरी खरंखुरं कारण दिसावं लागत होतं. दुसऱ्याला अडवायला कातडीचा रंग पुरेसा होता. आमच्या हायवेवरच्या नाकाबंदीत हे कुणीही बघू शकतं. दाढी दिसली की डिकी उघडायला सांगतात, कपाळाला टिळा असला की "जा साहेब".

आता १९९३. काकांचा आवडता मुद्दा, आणि अर्धा खरा. रायगडच्या किनाऱ्यावर दिघीला आणि शेखाडीला माल उतरला. स्थानिक माणसांनी मदत केली, त्यांना शिक्षाही झाल्या. यातलं काहीही मी नाकारत नाही. पण मेसेज जिथे थांबतो तिथून पुढचं ऐका. जानेवारी १९९३ मध्ये दिघीला उतरलेला माल घेऊन निघालेल्या गाड्या म्हसळ्याजवळ गोंडघर फाट्यावर पोलिसांनी अडवल्या होत्या. अडवल्या होत्या! नाकाबंदी झाली होती, माणसं समोर होती, गाड्या समोर होत्या. मग बोलणी झाली, लाखांत लाच ठरली, तेवढी रोकड जवळ नव्हती म्हणून चांदीच्या विटा तारण म्हणून घेतल्या आणि गाड्या सोडून दिल्या. पुढे फेब्रुवारीत शेखाडीला आरडीएक्स उतरलं आणि १२ मार्चला मुंबईत २५७ माणसं मेली. मार्च २०१३ मधला सर्वोच्च न्यायालयाचा निकाल काढून बघा. त्या पोलिसांची आणि कस्टमच्या अधिकाऱ्यांची दोषसिद्धी त्यात आहे, आणि त्या यादीतली बहुतेक नावं तुमच्या मेसेजच्या चाळणीतून अलगद सुटली असती. आमच्याच देवळात नवस बोलणारी, आमच्यासारखीच आडनावं. कुंपणानेच शेत खाल्लं आणि तुम्ही शेजाऱ्याच्या गोठ्यात शोधताय.

आणि आता ते वाक्य, जे काकांना सगळ्यात पटलं: निर्दोष असेल त्याला भीती कसली?

जून २००३. नाशिक जिल्ह्यात शेतातल्या एका झोपडीवर दरोडा पडला. पाच जणांना मारलं, बलात्कार झाले. वाचलेल्या बाईला पोलिसांनी गुन्हेगारांच्या फोटोंचा अल्बम दाखवला. घटनेला दोन-तीन दिवस झाले होते, चेहरे डोळ्यांसमोर होते. तिने चार फोटोंवर बोट ठेवलं. त्या चौघांपैकी एकालाही पकडलं नाही. पकडले ते भटक्या जमातीतले सहा गरीब मजूर. त्या फोटोंत नसलेले. सत्र न्यायालयाने सहाही जणांना फाशी सुनावली. उच्च न्यायालयाने तिघांची जन्मठेप केली, तर २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या तिघांनाही पुन्हा फाशीच दिली. सहाच्या सहा फाशीच्या रांगेत. त्यातला एक तर घटनेच्या वेळी अल्पवयीन होता, हे नंतर सिद्ध झालं.

५ मार्च २०१९ ला त्याच सर्वोच्च न्यायालयाने स्वतःचा निकाल मागे घेऊन सहाही जणांना निर्दोष सोडलं. न्यायालयाने लिहिलं की त्यांना खोटं गोवलं गेलं. ज्या चौघांना बाईने ओळखलं होतं त्यांचा तपासच झाला नाही. राज्य सरकारने प्रत्येकाला पाच लाख रुपये भरपाई द्यावी आणि दोषी पोलिसांवर कारवाई करावी, असा आदेश दिला. जवळपास सोळा वर्षं गेली. पाच लाख भागिले सोळा करून बघा काका, वर्षाला किती पडतात ते.

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच. आणि हे होऊ शकलं, कारण या जमातींवर ब्रिटिशांनी १८७१ च्या कायद्याने जन्मतःच गुन्हेगार असा शिक्का मारला होता. कायदा १९५२ मध्ये गेला, पोलीस ठाण्यातली सवय गेली नाही. अजूनही कुठे घरफोडी झाली की आधी पारध्यांच्या पालावर गाडी जाते. २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला पोलिसांना बजावून सांगावं लागलं की विमुक्त, म्हणजे तो शिक्का पुसलेल्या जमातींच्या लोकांना मनमानीपणे अटक करू नका. ज्या त्रासलेल्या बाईने डोळ्यांनी बघून चार माणसं दाखवली तिचं कुणी ऐकलं नाही, कारण 'असली कामं कोण करतं' हे आधीच ठरलेलं होतं. मेसेजमध्ये पीडितांचा कळवळा आहे ना? मग या पीडितेचे खरे गुन्हेगार कुणामुळे मोकळे राहिले तेही लिहा.

पोलिसांनी केलं तर निदान वर कोर्ट असतं. पब्लिकने केलं तर तेही नाही. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यात राईनपाड्याला भिक्षा मागत फिरणाऱ्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना मुलं पळवणारे समजून ठेचून मारलं. १६ एप्रिल २०२० ला गडचिंचल्याला दोन साधू आणि त्यांचा ड्रायव्हर. गडचिंचले पालघर जिल्ह्यात आहे, म्हणजे आपल्या कोकण विभागातच. हाच ग्रुप तेव्हा दोन दिवस पेटला होता. त्या साधूंचा गुन्हा एवढाच होता की रात्रीच्या वेळी ते तिथे अनोळखी दिसले. पाखाडीवर स्कूटी अडवणाऱ्या पोरांनी एकदा ते व्हिडिओ परत बघावेत.

बोटींचा मुद्दा लवकर उरकतो. मिरकरवाडा काय, हर्णै काय, नेपाळी खलाशी नसतील तर अर्धे ट्रॉलर बंदरातच राहतील, आणि हापूसच्या बागा राखायला गुरखे आपणच बोलावून आणलेत. सगळ्या खलाशांची नोंद व्हावी, ओळखपत्रं असावीत, बोटीवर परवान्याबाहेरचा माणूस नसावा. अगदी बरोबर. ते नियम आहेतच, मालकांनी पाळावेत, आणि ते सगळ्यांना सारखेच लागू आहेत. पण 'बंगाली बोलतो म्हणजे बांगलादेशी' या हिशेबाचं काय होतं ते जून २०२५ मध्ये दिसलं. मीरा रोडकडून उचललेल्या पश्चिम बंगालच्या मजुरांना थेट सीमेपलीकडे ढकललं आणि मग ते भारतीयच निघाले म्हणून परत आणावं लागलं.

काकांचा शेवटचा प्रश्न होता, मग काय हातावर हात ठेवून बसायचं? नाही ना. १८ ऑगस्ट २०२२ ला हरिहरेश्वरच्या किनाऱ्याला रिकामी बोट लागली, आत एके-४७ रायफली. चौकशीत ती ओमानच्या बाजूने वाहत आलेली निघाली, घातपात नव्हता, पण कळली ती किनाऱ्यावरच्या लोकांनी बोट बघून खबर दिली म्हणून. किनाऱ्याच्या सुरक्षेसाठी होणाऱ्या 'सागर कवच' सरावात पोलीसच अतिरेकी बनून होडीतून घुसायला बघतात, तेव्हाही मच्छीमार बघतो ते जाळं नाही, नंबर नाही, अवेळी आलेत, बंदराची वाट माहीत नाही. ही नजर मोहल्ल्यातल्या दालद्याकडेही, म्हणजे मुसलमान मच्छीमाराकडेही आहे आणि कोळीवाड्यातल्या कोळ्याकडेही. त्यातल्या अर्ध्यांनाच संशयित ठरवलंत तर उद्या त्यांना काही दिसलं तरी ते तोंड उघडणार नाहीत. कशाला उघडतील?

त्या मेसेजच्या जागी हे दहा ग्रुपवर पाठवा: समुद्रात किंवा किनाऱ्यावर संशयास्पद बोट दिसली तर सागरी पोलिसांचा टोल फ्री नंबर १०९३, तटरक्षक दलाचा १५५४. आणि मासेवाल्याच्या आधारचा तो फोटो ग्रुपवरून आजच काढून टाका.