प्रतिक्रियेला उत्तर : कानस गेली कुठे?

'जुना फिटर' या नावाने एका काकांनी माझ्या मोटार कारखान्यांवरच्या लेखाची चांगलीच झाडाझडती घेतली आहे. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं : घाऊक उत्पादन अमेरिकेतल्या हेन्री फोर्डने सुरू केलं हे साफ चूक, त्याच्या कितीतरी आधी मुंबईत ताडदेवला कापडगिरणी धडधडत होती. सुटे भाग एकमेकांत 'आपोआप बसतात' ही पुस्तकी थाप. पस्तीस वर्षं टूलरूममध्ये, म्हणजे कारखान्याची हत्यारं आणि डाय घडवणाऱ्या खात्यात काढली, कानशीशिवाय (लोखंड घासायच्या हत्याराशिवाय) काही बसलं नाही. आणि 'कामगार यंत्राचा दाता (चाकाचा एक दात) झाला' हे वाक्य एसीत बसून लिहिलेलं आहे. उत्तर लांबलं, म्हणून ते स्वतंत्रच लिहितोय.

काका, पहिला मुद्दा मान्य. कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ साली कंपनी काढली आणि दोन वर्षांनी ताडदेवला सूत कातायच्या चात्या फिरू लागल्या. हेन्री फोर्ड जन्मले १८६३ साली. माझं वाक्य ढिसाळ होतं, खोडलंय.

पण गिरणी आणि मोटार एकाच तागडीत तोलायला मी तयार नाही. हातभर सूत दुसऱ्या हातभर सुतात बसवावं लागत नाही. सुताची बाबीण भरली की निघाली पुढच्या खात्यात. मोटारीत हजारो तुकडे, आणि प्रत्येकाने शेजाऱ्याशी जमवून घ्यायचं. खरी गाठ तिथे होती आणि ती सुटायला शंभरावर वर्षं गेली.

इथे माझी एक चूक तुमच्याही नजरेतून सुटली, ती मीच सांगतो. अमेरिकेतल्या एली व्हिटनीने अदलाबदल करता येणाऱ्या भागांच्या बंदुका बनवल्या असं मी लिहिलं होतं. त्याने १७९८ साली १०,००० बंदुकांचं कंत्राट घेतलं, मुदत दोन वर्षांची, आणि शेवटच्या बंदुका दिल्या १८०९ साली. आज ज्या शिल्लक आहेत त्यांचे भाग एकीचे दुसरीला बसत नाहीत. खरं काम केलं अमेरिकेतल्याच हार्पर्स फेरीच्या सरकारी बंदूक कारखान्यात जॉन हॉल यांनी, गेजवर गेज (भागांचं माप तपासायची साधनं) बनवून. १८३४ पर्यंत तर सिमियन नॉर्थच्या दूरच्या कारखान्यातले भागही हॉलच्या रायफलींना बसू लागले होते. व्हिटनीचा गाजावाजा झाला आणि हॉलचं नाव कुणाला ठाऊक नाही. मीही त्याच गाजावाजाला बळी पडलो.

आता कानस. तुमच्या हुद्द्याचं नावच घ्या ना : फिटर, म्हणजे बसवणारा. जुन्या मोटार कारखान्यात जोडणीच्या जागेवरच फिटर असायचे. एक भाग घासून दुसऱ्यात बसवायचा, मग ती जोडी घासून तिसऱ्यात. त्यामुळे एकाच कारखान्याच्या दोन मोटारी सख्ख्या बहिणी असत, जुळ्या नव्हेत. १९०८ साली इंग्लंडात ब्रुकलँड्सच्या शर्यतीच्या मैदानावर तीन अमेरिकन कॅडिलॅक मोटारी पूर्ण सुट्या केल्या, भागांची सरमिसळ केली आणि नुसत्या पान्ह्या-पेचकसाने परत जोडून ५०० मैल पळवल्या. त्या कंपनीचे हेन्री लेलँड हे बंदुकांच्या सरकारी कारखान्यातच तयार झालेले. म्हणजे विद्या तिथूनच आली होती.

फोर्डकडे सरकता पट्टा आला १९१३ साली, आणि तो येऊ शकला कारण जोडणीतून कानस आधीच बाहेर गेली होती. नाहीतर न बसणाऱ्या पहिल्या तुकड्यापाशी अख्खी रांग खोळंबली असती. पट्ट्यामुळे एक चासी (मोटारीचा सांगाडा) जोडण्याचा वेळ साडेबारा तासांवरून ९३ मिनिटांवर आला.

मग कानस गेली कुठे? तुमच्याकडेच आली की! ज्या डायमधून (पत्र्याला किंवा धातूला आकार देणाऱ्या साच्यातून) लाखभर नग एकसारखे निघायचे, तो डाय कुणीतरी ब्ल्यू (कुठे टेकतंय ते दाखवणारा निळा रंग) लावून, घासून, परत लावून, परत घासून बरोबर आणत होता. तुमच्या हातून कानशीशिवाय काही बसलं नाही हे शंभर टक्के खरं, कारण तुम्ही सगळ्यांच्या आधीची वस्तू घडवत होता. खाली शॉपमध्ये दहा हजारावा नग लावणारा पोरगा कानस घेऊन बसला असता तर सुपरवायझर तुमच्याच नावाने शंख करत वर आला असता. आणि ज्या स्लिप गेजच्या (अचूक मापाच्या पोलादी ठोकळ्यांच्या) पेटीला तुम्ही नव्या पोरांना हात लावू दिला नसेल, तिची कल्पना निघाली १८९६ साली, स्वीडनच्या रायफल कारखान्यातल्या योहान्सनच्या डोक्यातून. पुढे फोर्डने त्यालाही आपल्याकडे नेलं.

हे सगळं आपल्या मुंबईत पोचलं १९२८ साली. अमेरिकेच्या जनरल मोटर्स कंपनीने शिवडीला मोटारी जोडायला घेतल्या. भाग खोक्यांतून, जहाजाने. ज्याने भाग घडवला त्याचं तोंडही न पाहिलेला माणूस तो शिवडीत पान्ह्याने आवळत होता.

त्याच वर्षी एप्रिल ते ऑक्टोबर गिरणगाव बंद होतं. दीड लाखाच्या आसपास कामगार संपावर. साचेवाल्याने (माग चालवणाऱ्या विणकराने) दोनाऐवजी तीन माग बघायचे, कताईतल्या माणसाने फ्रेमची (सूत कातायच्या यंत्राची) एकच बाजू न बघता दोन्ही बघायच्या, असा मालकांचा हिशेब होता. हिशेब कागदावर बसतो, पण कापूस हलका लागला की धागा सारखा तुटतो, आणि तुटलेलं टोक सांधायला बोटंच लागतात. त्या बोटांच्या जोरावर लोक सहा महिने उपाशी राहून अडून बसले. तेव्हा गिरणगावापुरता 'दाता' हा शब्द मागे घेतो.

फोर्डच्या डेट्रॉइटपुरता ठेवतो. फोर्डकडे १९१३ साली साधारण १४ हजार माणसं टिकवायला वर्षभरात ५० हजारांवर भरती करावी लागली. लोक वैतागून निघून जात. जानेवारी १९१४ मध्ये दिवसाला पाच डॉलर जाहीर केले त्यात उदारपणापेक्षा ही गळती जास्त होती, असं माझं मत आहे. काम महिनाभरात सोडून जाणाऱ्या माणसाच्या जागी दुसरा उभा केला आणि पट्टा क्षणभरही थांबला नाही, तर त्याला दुसरं काय म्हणायचं, तुम्हीच सांगा.

एसीचं म्हणाल तर लालबागच्या खोलीत पंखा आहे. मागच्या महिन्यात त्याचं बुश (दांडा फिरतो ती आतली कडी) झिजलं म्हणून त्याच मापाचं नवं आणलं, ते काही बसेना. शेवटी नाक्यावरच्या म्हाताऱ्या मिस्त्रींनी दोन हात कानस मारली तेव्हा बसलं. हे तुमच्या बाजूने लिहून ठेवा.