चौथी सीट

परवा डोंबिवलीहून मामेबहिणीचा फोन आला. नेहमीचं पालुपद, "तुमचं बाई बरंय, तिकडे सगळं मोकळं मोकळं." मी तेव्हा न्यू जर्सीत, एडिसनमध्ये रूट वनवर एकाच सिग्नलला तिसऱ्यांदा लाल दिवा बघत उभी होते. तिला तसं सांगितलं तर हसली. तिच्या डोक्यातली अमेरिका म्हणजे लांबलचक रस्ता, दोन्हीकडे मका आणि मध्ये आपली एकटी गाडी.

तशी अमेरिका आहे. आम्ही तिथेही राहिलोय, ते पुढे सांगते. पण न्यू जर्सी हे अमेरिकेतलं सगळ्यात दाट वस्तीचं राज्य आहे. २०२० च्या जनगणनेत इथे ९२ लाख ८९ हजार माणसं होती, म्हणजे चौरस किलोमीटरला ४८८ च्या आसपास. अख्ख्या महाराष्ट्राचा २०११ चा आकडा ३६५ आहे. वर्षं वेगळी आहेत, मान्य. तरी सोपं करून सांगायचं तर आपल्या पुणे जिल्ह्यात २०११ ला ९४ लाख लोक होते. मुळशीपासून इंदापूरपर्यंतचा जिल्हा उचलायचा, थोडा ताणायचा आणि अटलांटिकच्या काठाला नेऊन ठेवायचा, की झालं न्यू जर्सी. फरक इतकाच, की डोंबिवलीत गर्दी खांद्याला लागते, इथे बंपरला. जो तो आपापल्या गाडीत काचा वर करून बसलेला, त्यामुळे फोटोत गर्दी दिसत नाही.

आता मक्याची गोष्ट. लग्नानंतर पहिली तीन वर्षं आम्ही आयोवात, एका छोट्या गावात काढली. तिथे चौरस किलोमीटरला २२ माणसं. कढीपत्त्यासाठी जाऊन-येऊन चार तास. आणलेला कढीपत्ता मी फ्रीजरमध्ये ठेवायचे आणि फोडणीला पाच पानं मोजून काढायचे, सहावं परत आत. आकाश इतकं मोठं की पहिले पंधरा दिवस हरखून बघत बसले. मग जानेवारी आला. मुलगी चार महिन्यांची, बाहेर बर्फ, आणि एकदा लक्षात आलं की अकरा दिवसांत नवरा सोडून कुणाशी समोरासमोर बोललेच नाहीये. मोकळ्या जागेचं मला कौतुक आहे, पण तेव्हापासून जरा जपूनच.

इथे आल्यावर पहिल्याच शनिवारी ओक ट्री रोडला, म्हणजे भारतीय दुकानांच्या रस्त्याला गेलो. पार्किंगसाठी वीस मिनिटं घिरट्या, मागून हॉर्न, कुणीतरी गुजरातीत कुणावर तरी ओरडतंय. नवरा वैतागला होता. मला रडू आलं, आनंदाने.

दाट वस्तीचा खरा फायदा काय, तर आपल्यासारखी विचित्र गरज असलेली माणसं पुरेशी भेटतात. उकडीचे मोदक ऑर्डर घेऊन करणाऱ्या बाई, ढोल-ताशा पथक, रविवारची मराठी शाळा, यातलं काहीच २२ च्या हिशेबात चालत नाही. त्याला ४८८ च लागतात. तीन वर्षांपूर्वी सासूबाईंना रात्री छातीत दुखायला लागलं. अकरा मिनिटांत हॉस्पिटलात होतो, आणि नर्सने त्यांना सगळं गुजरातीत समजावून सांगितलं. सासूबाई जन्मभर कांदिवलीत राहिलेल्या. त्या घाबरायचं सोडून तिला गावाची चौकशी करत बसल्या. आयोवात असतो तर काय, हा विचार मी पूर्ण करत नाही.

आता दुसरी बाजू. प्रॉपर्टी टॅक्स. २०२४ मध्ये राज्याची सरासरी वर्षाला दहा हजार डॉलरच्या वर गेली. दर तिमाहीला बिल भरायचं, आणि भरताना घर आपलं की आपण भाडेकरू असा प्रश्न पडतो. साधारण निम्मे पैसे शाळांना जातात, म्हणून गप्प बसतो. इवल्याशा राज्यात ५६४ नगरपालिका, प्रत्येकीचा वेगळा थाट, हाही त्या बिलाला हातभार असणारच. इथून ट्रेनने न्यूयॉर्कला जाणाऱ्यांना हडसन नदीखालच्या ज्या दोन बोगद्यांतून जावं लागतं ते १९१० सालचे. एका बोगद्यात एक ट्रेन अडली की मेट्रोपार्क स्टेशनच्या फलाटावर जे चेहरे दिसतात, ते मी ठाकुर्लीला पावसाळ्यात पाहिलेत. तेच.

आणि पाणी. १ सप्टेंबर २०२१ ची रात्र. आयडा वादळाचा उरलेला पाऊस काही तासांत कोसळला. राज्यात ३० माणसं गेली, त्यातली बरीच गाड्यांत अडकून. आमच्या बेसमेंटमध्ये दोन फूट पाणी होतं. मुलीचे बाहुल्यांचे खोके तरंगत होते आणि आम्ही दोघं बादल्यांनी उपसत होतो. २६ जुलैला डोंबिवलीत बाबांनी हेच केलं होतं. जिकडेतिकडे छप्पर आणि डांबर असेल तर पाणी जाणार कुठे? ते घरातच येणार.

म्हणूनच, आमच्या जवळच्या बंद पडलेल्या ऑफिसच्या जागेवर अपार्टमेंट येणार असं कळलं, तेव्हा मीही कॉलनीच्या ग्रुपवर तावातावाने लिहिलं आणि सुनावणीला गेले. हॉल भरलेला. ट्रॅफिक, शाळेत जागा नाही, गावाचं स्वरूप बिघडेल, सगळे मुद्दे झाले. बोलणारे निम्म्याहून जास्त आपलेच. मग एक ऐंशीच्या घरातले आजोबा माईकवर आले. म्हणाले, मी इथे जन्मलोय, इथे सगळी शेतं होती, तेव्हाही मी अशाच सुनावणीत सांगितलं होतं की घरं होऊ देऊ नका, रस्ते तुंबतील. कुणी ऐकलं नाही. आता बघा. आम्ही जोरात टाळ्या वाजवल्या. मीही. मग त्यांनी त्या शेताचं नाव आणि रस्ता सांगितला. तो आमचा रस्ता. ते माझ्या घराबद्दल बोलत होते.

ते आमच्याच बाजूचे होते, हे आणखी अवघड.

मुंबईच्या लोकलमध्ये वाढलेल्यांना हे नवीन नाही. फलाटावर असेपर्यंत "अहो, जरा आत सरका ना", आणि एकदा पाय आत पडला की "जागा नाहीये, मागून गाडी येतेय". तिघींच्या बाकावर चौथ्या सीटला अर्धं टेकून बसलेली बाईच पुढच्या स्टेशनला चढणारीकडे सगळ्यात जास्त डोळे वटारते. मी ती बाई आहे, हे एडिसनच्या हॉलमध्ये कळलं.

१९७५ साली माउंट लॉरेलच्या खटल्यात इथल्या राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगून ठेवलंय, की नियमांच्या आडून नुसते मोठे प्लॉट राखून कुठल्याही गावाला गरिबांना बाहेर ठेवता येणार नाही, आपल्या वाट्याची परवडणारी घरं होऊ द्यावी लागतील. गावं अजून कोर्टात भांडतायत. दक्षिणेला पाईन बॅरन्सचं जंगल आहे, अकरा लाख एकर, राज्याच्या पंचमांशाहून जास्त. तिथल्या बांधकामावर १९७९ च्या कायद्याने लगाम घातला, आणि माझ्या मते न्यू जर्सीने केलेलं हे सगळ्यात शहाणं काम. पण तिथे नको म्हटलं की ती माणसं कुठेतरी राहणारच ना. रूट वनच्या कडेला, स्टेशनजवळ, ओस पडलेल्या ऑफिसच्या जागी नाही तर कुठे?

गेल्या रविवारी मराठी शाळेत माझ्या बालवर्गात दोन नवी मुलं आली. दोघंही अशाच एका नव्या अपार्टमेंटमधली. खुर्च्या सोळा, मुलं अठरा.

पुढची सुनावणी मंगळवारी आहे. ग्रुपवर कोण कोण येणार म्हणून यादी फिरतेय, मी नाव टाकलंय. पाण्याचा निचरा कुठे करणार हे विचारणार आहे आणि नकाशावर बोट ठेवून उत्तर मिळेपर्यंत खाली बसणार नाही. ट्रॅफिकचंही विचारीन. "गावाचं स्वरूप बिघडेल" हे मात्र माझ्या तोंडून येणार नाही. ते म्हणणार नाही असं ग्रुपवर लिहिल्यापासून दोन शेजारणी माझ्याशी बोलत नाहीयेत, त्यातली एक मोदकवाली. गणपतीला अजून वेळ आहे, बघू.