भय, ओलावा आणि चंद्रसजण

कापूस विकायला निघताना माणसाने भाकरी, ताडपत्री, सातबारा आणि आधार कार्ड आठवणीने सोबत घ्यावे. आपण मराठीचे शिक्षक आहोत ही गोष्ट मात्र घरी कुलपात ठेवून निघावे. हे शहाणपण मला गेल्या डिसेंबरात आले, तेव्हा मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खरेदी केंद्राच्या फाटकाबाहेर स्वतःच्या कापसाच्या ट्रॉलीवर बसलेलो होतो आणि माझ्यापुढे एकेचाळीस वाहने उभी होती.

पुढच्या ट्रॅक्टरच्या मडगार्डला सुतळीने बांधलेला एक स्पीकर होता आणि त्याचे पुढचे गाणे लावण्याचे बटण तुटलेले होते. त्यामुळे त्याने सकाळी नऊपासून 'भय इथले संपत नाही' हे एकच गाणे धरून ठेवले होते. चाल हृदयनाथांची, स्वर लताबाईंचा आणि शब्द ग्रेस यांचे, तेव्हा तक्रार करणार तरी कोणत्या तोंडाने? पहिल्या पाच वेळा रांगेने ते गाणे ऐकले, पुढच्या पाच वेळा सहन केले आणि त्यानंतर, दुसरे काही करण्यासारखे नसल्यामुळे, ती त्याच्या अर्थाला लागली.

"सर, हे भेव कायचं होय?" ट्रॅक्टरवाल्या पोराने तंबाखू-सुपारीच्या खर्ऱ्याची पन्नी तळहातावर घासत विचारले.

मी वर्गात देतो तेच उत्तर दिले. कविता अनेकार्थी असते, कवीची प्रतिमासृष्टी व्यामिश्र असते, वगैरे. पोराने पन्नी घासणे थांबवून माझ्याकडे ज्या नजरेने पाहिले, त्या नजरेने आमच्याकडे उगवण न झालेल्या बियाण्याच्या पाकिटाकडे पाहतात.

"म्हणजे सरले मालूम नाही," मागच्या मेटॅडोरमधून कुणीतरी निकाल दिला, आणि त्या क्षणापासून ते गाणे सार्वजनिक मालमत्ता झाले.

ग्रेस म्हणजे नागपूरचे माणिक गोडघाटे, ही माहिती मीच उत्साहाच्या भरात पुरवली आणि पस्तावलो. कवी आपल्या इकडचा, म्हणजे भयही आपल्या इकडचेच असणार, असा सिद्धान्त ताबडतोब मांडला गेला. समीक्षकांनी ज्यांच्यावर दुर्बोधतेचा शिक्का मारला, त्या कवीला रांगेने तासाभरात पूर्णपणे सुबोध करून टाकले. एका काकाजींच्या मते हे भय रानडुकरांचे होते. 'झाडांशी निजलो आपण' याचा अर्थ त्यांनी रात्रभर मचाणावर राखण करणाऱ्या माणसाच्या हवाली केला, आणि त्यात तथ्य नाही असे म्हणण्याची माझी हिंमत झाली नाही, कारण त्यांच्या डोळ्यांखाली त्या जागरणाची काळी वर्तुळे प्रत्यक्ष दिसत होती. मग कवी संध्याकाळीच का गातो, असा आक्षेप आला. पंपाची वीज त्या आठवड्यात रात्रपाळीत असेल, म्हणून तो लाइन येण्याची वाट पाहत गात बसला असेल, असे त्याचे निराकरण झाले.

पांढरकवड्याकडच्या एका गृहस्थांनी वाघीण पुढे केली. २०१८ साली टी-१ वाघिणीच्या धाकाने त्यांच्या भागातली माणसे वेचणीलाही टोळीने जात होती, तेव्हा हे भय दुसरे कशाचे असूच शकत नाही. ही कविता ज्या संग्रहात आहे तो 'चंद्रमाधवीचे प्रदेश' १९७७ साली निघाला, असे मी नम्रपणे निदर्शनास आणले. "कवीले अगोदरच समजते सर, तुमीच शिकवता ना," असे म्हणून त्यांनी माझाच धडा माझ्या गळ्यात घातला.

'धरती भगवी माया' या शब्दांपाशी चर्चा थोडी गरम झाली. पण निवडणुकीचे दिवस होते आणि दोन्हीकडचे कार्यकर्ते एकाच केंद्राच्या रांगेत अडकलेले होते, त्यामुळे ती ओळ सर्वानुमते सोडून देण्यात आली.

खरी बाजी मारली ती कृषी मेळावे न चुकवणाऱ्या एका शेतकऱ्याने. त्याने पुढचे कडवे यायची शांतपणे वाट पाहिली, 'झाडांत पुन्हा उगवाया' हे शब्द कानी पडताच हात वर केला आणि म्हणाला, "ही फरदड होय." क्षणभर शांतता पसरली. वेचणी संपल्यावर पऱ्हाटी, म्हणजे कापसाचे झाड, उपटून न टाकता, पाणी देऊन तिच्यावर पुन्हा बोंडे धरायची, म्हणजेच झाडांत पुन्हा उगवायचे. आणि फरदड ठेवली की गुलाबी बोंडअळीला खायला मिळत राहते, तिची साखळी तुटत नाही, ती पुढच्या हंगामात पुन्हा हजर होते. म्हणजेच भय इथले संपत नाही. ध्रुवपदाचा आणि कडव्याचा इतका चोख कार्यकारणसंबंध मी कोणत्याही गाइडमध्ये वाचलेला नव्हता. माझ्या डोक्यात तर बी.एड.पासूनची सगळी समीक्षा खळ्यातल्या भुशासारखी उडत होती.

तेवढ्यात शेजारच्या ट्रॉलीवर भाकर सोडून बसलेल्या एक बाई म्हणाल्या, "टीव्हीवर लागे ना हे. महाश्वेता. त्या बाईच्या अंगावर पांढरा डाग पडला होता." मालिकेचे ते शीर्षकगीत होते, हे बरोबरच होते. त्यांनी भाकरीवरचा ठेचा बोटाने सारखा केला आणि पुढे एवढेच म्हटले, "डागाचं भेव होय ते." मग त्यांनी ताडपत्रीचे टोक उचलून आपल्या कापसातले एक बोंड बाहेर काढले. ते अर्धे पांढरे होते आणि अर्धे पिवळट, चिकटलेले. आम्ही त्याला कवडी म्हणतो. ते त्यांनी चिमटीत फिरवून पाहिले आणि कापसाची प्रत ठरवणाऱ्या ग्रेडरच्या हाती पहिल्यांदा लागू नये म्हणून ट्रॉलीच्या तळाशी खोल खुपसून दिले. त्यानंतर दोन वेळा गाणे नुसतेच वाजले.

माझा नंबर येईपर्यंत दिवस कलला होता आणि मला स्वतःचे भय सापडले होते. ते ओलाव्याचे होते. ओलावा ८ टक्क्यांपर्यंत असेल तर पूर्ण भाव, त्यापुढे प्रत्येक टक्क्याला कपात, आणि १२च्या वर गेला तर ट्रॉली जशी आली तशी परत. उन्हात सुकवून आणलेला माझा कापूस गार हवेत दव पीत असल्याचा मला भास होत होता. संध्याकाळी माणूस गातो, कारण त्याचा कापूस ओला होत असतो, हा माझा स्वतंत्र अर्थ मी कुणालाही सांगितला नाही.

ग्रेडरने मीटरचा काटा ट्रॉलीत तीन ठिकाणी खुपसला. पहिल्यांदा १०, दुसऱ्यांदा ११, तिसऱ्यांदा त्याने आकडा माझ्यापासून लपवत मान वाकडी केली. त्याचे पेन कागदावर टेकले होते, पण लिहीत नव्हते. स्पीकरमध्ये त्याच वेळी 'ते झरे चंद्रसजणांचे' सुरू झाले.

"तुम्ही मराठीचे सर ना?" तो म्हणाला. "दिवसभर ऐकून राहिलो. हे चंद्रसजण म्हणजे कोण? मले वाटते, तारे असतील."

सकाळपासून एकाही अर्थाला सही न देणारा मी माणूस. कविता अनेकार्थी असते, हे वाक्य ओठांपर्यंत आलेही होते. मी पेनाच्या टोकाकडे पाहिले.

"तारेच, साहेब," मी म्हणालो. "दुसरं काही असूच शकत नाही."

मागच्या मेटॅडोरमधून काकाजींचा मोठा खाकरा ऐकू आला. ग्रेडरने ११ लिहिले.