घरच्या गॅसवर चिनी पद्धतीचे परतणे : एक खुलासा

चिनी पद्धतीने मांस आणि भाज्या परतण्यासाठी उपाहारगृहातील भट्टीच लागते, घरच्या गॅसवर हे पदार्थ पाणचट होणारच, असे सर्रास सांगितले जाते. दक्षिण चीनमधील कँटोनी स्वयंपाकात ज्याला ‘वोक हेइ’ म्हणतात, तो धुरकट सुवास प्रखर ज्वाळेमुळे येतो आणि घरी तो पूर्णपणे साधत नाही, एवढे खरे आहे. पाणचटपणाचे कारण मात्र बहुधा वेगळे असते : कढईत एकदम खूप मांस घातले की तापमान घसरते, सुटलेले पाणी उडून न जाता साचते आणि मांस १०० अंश सेल्सिअसच्या आसपास नुसते उकडत राहते, खरपूस रंग येण्यास याहून बरीच अधिक उष्णता लागते. म्हणून मांस २००-२५० ग्रॅमच्या खेपांत परतून बाजूला काढावे, धुतलेल्या भाज्या पूर्ण कोरड्या करून वेगळ्या परताव्यात आणि सॉस शेवटी घालावा. धाग्यांना आडवे पातळ कापलेले मांस सोया सॉस, शाओशिंग मद्य (तांदळाचे चिनी मद्य) आणि थोडे कॉर्नफ्लॉवर चोळून १५-२० मिनिटे ठेवण्याची चिनी रीत तुकडे मऊ राखते. माझ्या मते ज्वाळेपेक्षा या तयारीलाच अधिक महत्त्व आहे. कढई लोखंडी घ्यावी, कारण नॉनस्टिक भांडे रिकामे कडकडीत तापवणे सुरक्षित नसते.