भाकरी मंद आचेवर होते का?

लेकराच्या डब्यात भरायला धपाटं उलटलं तर पाठीला काळे कपटे. आधी वाटलं तीळ करपले. नखानं खरवडलं, तर नॉनस्टिक तव्याचा लेप! आठ महिनेसुद्धा झाले नाहीत घेऊन.

तसाच तवा पिशवीत घालून दुकानात गेले. दुकानदार म्हणे, "ताई, स्टीलचं उलथणं वापरलं असेल." उलथणं लाकडाचं, त्यानंच तव्यासोबत दिलेलं. मग म्हणे, "गॅस मोठा ठेवला असेल." ठेवला की! परभणीत राहते, ज्वारीची भाकरी खाते. तवा सणसणीत तापल्याशिवाय भाकरी फुगते का? पाणी फिरवलेली बाजू सुकेपर्यंत मंद गॅसवर ठेवली तर पापड होतो तिचा. तव्याच्या डब्यावर 'मंद आचेवर वापरा' हे इंग्रजीत, मुंगीएवढ्या अक्षरांत. आणि वर चित्र कशाचं? टम्म फुगलेल्या भाकरीचं!

कपट्यांची मला तेवढी भीती नाही, ते पचत नाहीत, तसेच बाहेर पडतात. भीती आहे ती आचेची. साधारण २६० अंशांपुढे हा लेप बिघडायला लागतो, आणखी तापला की धूर सोडतो. त्या धुरानं पिंजऱ्यातली पाखरं मरतात, माणसाला थंडीताप भरतो. रिकामा तवा मोठ्या गॅसवर तिथवर जायला काही मिनिटं पुरतात, आणि भाकरीचा तवा रिकामाच तापवतात. वर 'पीएफओए फ्री'चा शिक्का. पीएफओए म्हणजे असा लेप बनवताना पूर्वी वापरायचे ते रसायन. ते कर्करोग करतं असं जागतिक आरोग्य संघटनेच्या संस्थेनं २०२३ला सांगितलं, ते यात नाही, चांगलंच आहे. पण धूर त्या लेपाचा होतो, त्याचं काय? 'ग्रॅनाइट घ्या' म्हणतो. अहो, त्यातल्या बहुतेकांवर लेप तोच, वर नुसते ठिपके!

आणि याच माणसानं आत्यांचा बिडाचा तवा मोडीत घेतला होता. "जड आहे, गंजतो, कशाला ठेवता?" चाळीस वर्षं त्या तव्यावर घर जेवलं. धुतला की पुसायचा, तेलाचं बोट फिरवायचं, संपलं. आता तसाच बिडाचा तवा त्यानं दर्शनी फळीवर मांडलाय, नॉनस्टिकपेक्षा महाग.

मी आठवडी बाजारातून साधा लोखंडी तवा आणला. राखेनं घासला, तेलात कांदा परतून परतून काळा केला. तिसरी भाकरी सुटली. चौथी फुगली.

पैसे परत नकोत मला. डब्यावरचं ते भाकरीचं चित्र काढा.