जखम उघडी ठेवली म्हणून पाय वाचला

युद्धातल्या जखमांच्या जुन्या उपचारांवरच्या लेखात उकळत्या तेलाने गोळीच्या जखमा डागणं हे निव्वळ क्रौर्य ठरवलंय, ते पटलं नाही. बंदुकीच्या दारूचं विष अंगात भिनतं, अशी त्या काळच्या वैद्यांची प्रामाणिक समजूत होती. १६व्या शतकात इटलीतल्या तुरीनच्या मोहिमेत आंब्रोआज पारे या फ्रेंच सैन्यातल्या शल्यवैद्याकडचं तेल संपलं. त्याने उरलेल्या सैनिकांना अंड्याचा बलक, गुलाबतेल आणि टर्पेंटाइन लावलं. काळजीने रात्रभर झोप नाही. सकाळी बघतो तर हेच सैनिक शांत, तेल ओतलेले तापाने फणफणलेले!

आमच्या खानापूर भागात पुष्कळ घरांत फौजी. माझे पणजोबा पहिल्या महायुद्धात मराठा पलटणीतून मेसोपोटेमियात (आजच्या इराकमध्ये) होते, मांडीत गोळी लागली. डॉक्टरांनी सडकं मांस कापून जखम न शिवता उघडीच ठेवली, रोज धुतली, असं आजी सांगायची. पेनिसिलिनचा शोध १९२८ चा, म्हणजे जंतू मारणारं ते औषध तेव्हा नव्हतंच. पणजोबा पुढं म्हातारपणापर्यंत भाताच्या चिखलात उभे राहिले.