दूध पचवण्याची क्षमता सवयीने आलेली नाही : खुलासा

‘हजारो वर्षे दूध पीत राहिल्यामुळे माणसाच्या शरीराला ते पचवण्याची सवय लागली आणि ती सवय पुढच्या पिढ्यांत उतरली’, असा दावा समाजमाध्यमांवर फिरत आहे. पशुपालनाचा आपल्या जनुकांवर परिणाम झाला हे खरे. मात्र तो अशा रीतीने झालेला नाही.

दुधातील लॅक्टोज ही साखर पचवणारे लॅक्टेज हे विकर बहुतेक माणसांत बालपणानंतर कमी होत जाते. काहींत ते प्रौढपणीही टिकते, कारण त्याच्या जनुकाचे नियंत्रण करणाऱ्या डीएनएच्या भागात बदल झालेला असतो. हा बदल दूध पिण्याने घडला नाही. तो योगायोगाने घडला आणि जिथे जनावरांचे दूध मिळत होते तिथे तो असणाऱ्यांची अधिक संतती जगल्यामुळे पसरला. पूर्व आफ्रिकेतील पशुपालकांत युरोपीय लोकांपेक्षा वेगळे बदल स्वतंत्रपणे पसरले, तर भारतात प्रामुख्याने युरोपात आढळणाराच बदल दिसतो आणि तोही वायव्येकडे अधिक.

शिवाय, प्राचीन मडक्यांतील दुग्धमेदाच्या अवशेषांवरून २०२२ साली दाखवण्यात आले की, हा बदल युरोपात सर्रास होण्यापूर्वी हजारो वर्षे तेथील लोक दूध वापरत होते. मंगोलियातील पशुपालकांत तर तो आजही विरळ आहे, तरी त्यांच्या आहारात दुग्धपदार्थ भरपूर असतात. विरजणातील जिवाणू लॅक्टोजचा काही भाग आधीच संपवतात (दूध न सोसणाऱ्या अनेकांना दही-ताक चालते ते अंशतः यामुळे), म्हणजे येथे जनुकांचे काम काही अंशी दूध विरजण्याच्या प्रथेनेच केले. दाव्यात नेमकी हीच बाजू गाळलेली आहे.